बाबांच्या फाइलीतल्या खोडलेल्या ओळी

पहिल्या स्मृतिदिनाला बाबांनी लिहून ठेवलेल्या आठवणींची छोटी पुस्तिका छापायची, असं ताईनं आणि मी ठरवलं. विहारात वंदना झाली की आलेल्यांच्या हातात द्यायची. आठवणी त्यांच्या जुन्या लिनक्सच्या संगणकात होत्या आणि त्यातलं ऑफिस सॉफ्टवेअर उघडणंच बंद झालं होतं.

मी ग्रंथपाल. सूचना वाचून तसं करणं मला जमतं. नवी आवृत्ती त्या बत्तीस बिटच्या यंत्रावर बसेना. मग जुनी शोधली, एकेक आज्ञा टाइप करून बसवली. दोनदा अडली. फाइल उघडायला इतका वेळ लागला की मी मध्ये चहा करून आले.

पाहते तर पानं लाल रेघांनी भरलेली. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. संगणकावरही त्यांनी बदलांची नोंद चालू ठेवली होती. खोडलेलं सगळं तसंच होतं, तारखेसकट.

ताई कात्रजला राहते. माझ्याबद्दल काही लिहिलंय का, असं तिनं फोनवर एकदाच विचारलं होतं. पाहून सांगते, असं मी म्हणाले होते.

सदतिसाव्या पानावर होतं. ‘हिचं दुखणं वाढलं तेव्हा थोरलीला सातवीतून काढलं. ती हुशार होती. धाकटीला शिकवलं म्हणून हे फिटत नाही.’ तिन्ही वाक्यांवर रेघ. ताईबद्दल बाकी फाइलीत अक्षर नव्हतं.

धाकटी मी.

दोन दिवस विचार केला. त्यांनी खोडलेलं आपण छापू नये, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिसरं वाक्य मला लोकांच्या हातात द्यायचं नव्हतं. ‘सर्व बदल स्वीकारा’वर टिचकी मारली. रेघा गेल्या, त्यांच्याखालचं गेलं. फाइल त्याच नावानं जतन केली. मूळ प्रत आधी वेगळी ठेवावी, हे ग्रंथपालाला सांगावं लागत नाही. मी ठेवली नाही.

वंदनेनंतर ताई भिंतीला टेकून पुस्तिका चाळत बसली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मग मागून पुढे. मी जवळ जाऊन बसले.

“अक्षर मोठं घेतलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “सातवीवाल्यांनाही वाचता येतं.”

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात कुणीतरी तिला वाढायला हाक मारली. तिनं पुस्तिका पिशवीत ठेवली, पदर खोचला आणि गेली.