नव्या रोलरला जुनी झीज

“साहेब, तुमी मशीन दुरुस्त केली का माह्या बापाचं नाव बुडवलं?”

परतवाड्याहून दिगंबरभाऊंचा फोन. अमरावतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी नुकताच चहा ओतला होता. तो तसाच निवला.

भाऊंची संत्र्याची बाग आहे आणि शेडमध्ये वडिलांच्या काळातली ग्रेडिंग मशीन. दोन लांब रोलर आणि त्यांच्यात पुढे पुढे रुंदावत जाणारी फट. लहान संत्रं आधी खालच्या क्रेटमध्ये पडतं, मग मधलं दोन नंबरचं आणि सगळ्यात मोठं, एक नंबरचं, शेवटी. गिअर तुटून ती बंद पडली. बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळलेला, ड्रॉइंगचा पत्ता नाही. मी सगळी उघडली, रोलरच्या न झिजलेल्या टोकांवरून मूळ माप काढलं आणि गिअरबरोबर रोलरही नवेकोरे बनवले. याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. खरं म्हणजे पाहून पाहून करणं, पण तसं सांगितलं तर गिऱ्हाईक साहेब म्हणत नाही.

मशीन मक्खन चालली. मी स्वतःचीच पाठ थोपटली.

आणि आता हा फोन. अकोल्याचा व्यापारी भाऊंना म्हणाला होता, “तुमच्या बाबाचा दोन नंबरचा मालही टपोरा राहे. तुमी तं हात आखडला.” पुढचा टेम्पो तो दुसऱ्या बागेतून भरणार होता.

मी परतवाडा गाठलं. माल तपासला, माप तंतोतंत. मग भंगारातले जुने रोलर ओढून काढले, कॅलिपर लावला आणि ट्यूब पेटली. रोलर मधोमध जास्त झिजले होते. तिथे फट रुंदावली होती, म्हणून एक नंबरची कितीतरी संत्री दोन नंबरच्या क्रेटमध्ये पडायची. वर्षानुवर्षं.

“म्हंजे बाबा दिलदार नव्हते? रोलर दिलदार होता?”

“बाबांना माहीत होतं की नाही, ते रोलर सांगत नाही.”

भाऊ क्रेटवर बसले. मला फार वाईट वाटलं. मशीन सुधारायला आलो आणि गेलेल्या माणसाच्या चांगुलपणावर शंका घेऊन बसलो.

“मंग फट वाढवून द्या.”

“सगळेच नंबर बिघडतील. फक्त मध्ये झिजवावं लागेल.”

“मंग झिजवा.”

“भाऊ, मोठा माल लहानाच्या भावात जाईल. तोही कळून सवरून!”

“बाबानं न कळता देल्ला असन, तं मी कळून देतो. काहून नाही देऊ?”

उभी हयात मी झीज भरून काढण्यात घालवली. त्या दिवशी नव्याकोऱ्या रोलरला झीज पाडली, तीही मापात. लेथवाल्याला वाटलं, साहेबाला ऊन लागलं.

टेम्पो अकोल्यालाच गेला. व्यापारी खूश झाला. भाऊंचा पुन्हा फोन, “साहेब, गॅरंटी द्या. याच्यापुढं झिजनार तं नाही ना?”

हल्ली जुनी मशीन उघडण्याआधी मी मालकाला सांगतो, बिघडलंय काय ते नंतर दाखवा. चांगलं काय चाललंय, ते आधी सांगा.