खोली नाकारणारा गोलकीपर

देवमन तायडेला मी खोली मिळवून दिली आणि त्याने ती नको म्हटलं, त्या दिवशी मी रागाने अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. खोली म्हणजे काही महाल नव्हता. अकोल्यात एका दालमिलच्या मागे चौकीदारासाठी बांधलेली, वर टिनपत्रे, आत खाट, बाहेर नळ. पण तिला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. स्टेशनबाहेर पोतं अंथरून झोपणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं? मुकादम ओळखीचा, त्याच्या विनवण्या करून माझी जीभ झिजली होती. आणि हा पठ्ठ्या खाली बघत म्हणाला, नको.

मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. सकाळी मैदानावर फिरायला जायचो, तिथे मला नबीभाईने धरलं. नबीभाईचं ताडपत्रीचं दुकान आणि फुटबॉलचं वेड, दोन्ही त्याला वडिलांकडून मिळालेली. नागपूरला बेघर माणसांची फुटबॉल स्पर्धा होते असं त्याने कुठेतरी ऐकलं आणि अकोल्याचा संघ न्यायचं डोक्यात घेतलं. मला मॅनेजर केलं. म्हणजे केळी आणि पाण्याचे कॅन सांभाळायचे आणि कोणी आलं नाही तर शिव्या घालत शोधायला जायचं.

बेघरांची तेव्हा काय वाण होती! दोन हजार सहा-सातची वर्षं. खेड्यांतली माणसं नुसती उठून येत होती आणि बसस्टँडवर, मार्केट यार्डाच्या शेडखाली, जागा सापडेल तिथे आडवी होत होती. पेपरात शेतकऱ्यांवर रकानेच्या रकाने यायचे, ते यायलाच हवे होते. पण ज्याला वावरच नव्हतं, त्याची आठवण कोणाला झाली नाही. देवमन त्यातला.

तो बाळापूरकडचा. नवरा-बायको दुसऱ्याच्या वावरात राबायचे. वावरवाल्यांनीच हात टेकले तशी यांची मजुरी गेली. बायको, मनकर्णा, पोरीला घेऊन वरूडला भावाकडे गेली, कारण तिथे संत्री भरायचं काम मिळत होतं. मागोमाग हाही गेला. मेहुण्याने चहा पाजला, पिशवीत संत्री घालून दिली, पण थांब म्हणाला नाही. मनकर्णाही काही बोलली नाही. मग हा परत निघाला आणि गावी जाऊन तरी करायचं काय म्हणून अकोल्यालाच राहिला. हे त्याने मला एकदाच, एका दमात सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही आणि मलाही काढवला नाही.

दिवसा हमाली, रात्री स्टेशन. तिथे पोलीस काठीने ढोसून उठवायचे, मग पार्सल ऑफिसच्या बाजूला जायचं, तिथून कोणी उठवलं की रिक्षा स्टँडकडे. अशा माणसाला नबीभाईने गोलात उभं केलं. तुरीची पोती झेलणाऱ्या हातांना चेंडूचं काय ओझं? या स्पर्धेचं मैदान छोटं असतं, एका बाजूला चौघेच खेळतात. गोलासमोर चुन्याने एक अर्धगोल आखलेला असतो. त्यात गोलकीपरशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही, आणि गोलकीपरनेही त्याच्या बाहेर यायचं नाही. हा नियम देवमनला फार आवडला. सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा आणि तो अर्धगोल स्वतः आखायचा, एखादी बाई अंगण सारवते तितक्या निगुतीने. मग आत उभं राहून बाकीच्यांची वाट बघायचा. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस खेळताना मात्र ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा.

आणि हा माणूस खोली नको म्हणत होता. मी काहून म्हणून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "खोली घेतली त मी बेघर कसा राह्यलो जी? मंग मले खेळू देतीन का?"

मी कपाळाला हात लावला. चौकशी केली तर सगळा संघच असं धरून बसलेला. अमरावतीहून भावाशी भांडून आलेला धर्मेंद्र, आमचा गोल करणारा गडी, त्याने तर देवमनला दमच दिला होता की खोली घेतली तर तू बाहेर. रय्यानला मूर्तिजापूरची मावशी बोलावत होती, तोही स्पर्धा होऊ दे म्हणून अडून बसलेला. लोक नोकरीसाठी दाखले जपून ठेवतात, हे लोक बेघरपण जपून होते. हसावं की डोकं आपटावं, मला कळेना.

नबीभाईला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला की स्पर्धा बेघरांची आहे एवढंच त्याला ठाऊक. नागपूरला फोन लावून विचारू म्हटलं, तर देवमनने माझे हात धरले. विचारलं आणि ते नाही म्हणाले तर? तर खोली जायची ती जायचीच, वर नागपूरवाल्यांच्या मनात किंतू यायचा. त्यापेक्षा विचारूच नका. मी त्याला खूप बोललो. खेळ दोन दिवसांचा, डोक्यावरचं छप्पर कायमचं, एवढं तुला कळत नाही का, असं सगळ्यांसमोर झापलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि अर्धगोलात जाऊन उभा राहिला. मुकादम तरी किती थांबणार? त्याने ती खोली एका जोडप्याला देऊन टाकली.

नागपूरला पोचलो. मैदानाभोवती झेंडे, मांडव, कुठकुठून आलेले संघ. खेळ सुरू व्हायच्या आधी एक बाई माइकवर आल्या आणि गोड आवाजात नियम सांगू लागल्या. गेल्या वर्षभरात कधीही बेघर राहिलेला माणूस इथे खेळू शकतो, म्हणाल्या. मधल्या काळात कोणाला घर मिळालं असेल तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही, त्यांनी उभं राहावं, आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू. इकडून तिकडून माणसं उठली. काही लाजत, काही छाती काढून. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग बाईंनी पुढचा नियम सांगितला, की एका माणसाला एकदाच खेळता येतं, पुढच्या वर्षी नव्यांना संधी.

मी देवमनकडे बघायचं टाळत होतो, पण नजर गेलीच. तो टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालूच होत्या.

खेळला मात्र असा, की दुसऱ्या संघाची माणसंसुद्धा त्याच्या गोलामागे येऊन उभी राहिली. "देवमन, डावीकडं!" "देवमन, उठ!" "देवमन, सोडू नको!" सगळं मैदान त्याच्या नावाने दणाणत होतं. उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलाने हरलो. धर्मेंद्रचा भाऊ अमरावतीहून खास बघायला आला होता. सामना संपल्यावर दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. नबीभाईसुद्धा रडला. देवमन तेवढा चेंडू पोटाशी धरून अर्धगोलात बसून होता, पुढचे संघ यायला लागले तेव्हा उठला.

परतीच्या गाडीत बडनेऱ्याला धर्मेंद्र भावाबरोबर उतरला. मूर्तिजापूरला रय्यान उतरला. त्याच्या मावशीने फलाटावरच त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग पिशवी स्वतःच्या हातात घेतली. स्पर्धेने आपलं काम केलं होतं, नाही कोण म्हणतो? बाकीचे पलीकडच्या डब्यात होते, नबीभाईला डुलकी लागली होती. समोर देवमन एकटा खिडकीबाहेर बघत होता. मला गप्प राहता येत नाही, हा माझा स्वभाव. मी विचारलं, आधी विचारलं असतं तर दोन्ही मिळालं असतं, खोलीही आणि खेळही. आता खोली गेली आणि पुढच्या वर्षीचा खेळही नाही. तुला वाईट नाही वाटत?

त्याने खिडकीबाहेरची नजर आत वळवली. मग म्हणाला, "खोली भेटली असती त चांगलंच झालं असतं, भाऊ. पन त्या खोलीत मले आवाज कोनं देल्ला असता?"

मला समजायला जरा वेळ लागला. आवाज देणं म्हणजे हाक मारणं. आयुष्यभर मी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारत आलो, माणसं नव्हे.

अकोला आलं तेव्हा संध्याकाळ होती. नबीभाईला न्यायला त्याची मुलगी अलीझा स्कूटी घेऊन आली होती. मी देवमनला म्हटलं, घरी चल, जेवून जा. तो नको म्हणाला, तुमाले उगाच तरास. आम्हा सगळ्यांना स्टेशनातून बाहेर पडायचं होतं, त्याला मात्र कुठेच जायचं नव्हतं, तो पोचला होता. खांद्यावरची पिशवी सावरत तो फलाटावरून पार्सल ऑफिसकडे चालू लागला.

मी पुलाच्या पायऱ्या अर्ध्या चढलो आणि मला राहवेना. कठड्याला धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडलो, "देवमन!"

तो झटकन वळला. पिशवी खाली ठेवली आणि काय काम आहे ते ऐकायला मान वर करून उभा राहिला. काम काहीच नव्हतं. मी नुसता हात वर केला. त्यानेही केला. माणसं त्याच्या अंगावरून, पिशवीला ठेचकाळत पुढे जात होती, आणि मी आणखी काही म्हणेन म्हणून तो तसाच उभा होता.