सटवामामांची हाक

आदरणीय सटवामामांची आणि माझी खरी ओळख त्यांच्या रागावण्यानेच झाली. मामांच्या अमृतमहोत्सवी अंकात हे शोभेल का, असं संपादक मंडळातल्या एकाने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, शोभत नसेल तर माझा लेख वगळा. लेख छापला आहे, म्हणजे शोभलं असावं.

राणीसावरगावच्या शिवारात आमचं शेत आहे. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की अप्पा, म्हणजे माझे वडील, मामांना निरोप धाडत आणि मामा आपलं मेंढ्यांचं खांड घेऊन आमच्या रानात बसवायला येत. लेंडीखताने पुढचं पीक तरारतं आणि त्याच्या बदल्यात मेंढपाळाला ज्वारी द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या वर्षी मी परभणीचं शिक्षण अर्धवट सोडून घरी बसलो होतो. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. गावातल्या आमच्या दुकानात त्यांच्यासमोर बसवेना, म्हणून मी शेतात जाऊन कडुलिंबाखाली उभा राहायचो आणि मोबाईलवर ठेका लावून रॅप म्हणायचो. एकदा असाच रंगात आलेलो असताना मागून आवाज आला.

“अय पोरा, जित्राबं बुजायलीत माझी! अन् दम कुठं घेतुस तू? समदं एका दमात वकायलास.”

मला राग आला. पण बोलणं खरं होतं. माझ्या ओळी शेवटाला येईतो माझा श्वास संपायचा आणि मी शब्द गिळायचो. दोन-तीन दिवसांनी मान खाली घालून मीच मामांकडे गेलो. त्यांनी मला समोर बसवलं नाही की उपदेश केला नाही. मेंढ्यांमागे चालायला लावलं. “चालता चालता बोल. दम आपसूक जागेवर येतोय,” म्हणाले. पुढे शहरातल्या मोठ्या मंचांवर माझ्या श्वासाचं कौतुक झालं, त्याची शाळा ही अशी ढेकळातली आहे.

मामांची हाक ज्यांनी ऐकली नसेल त्यांना ती लिहून सांगणं अवघड आहे. आधी जिभेवर लांबलेला ‘हिर्रर्र’, मग छातीतून येणारा ‘यो’, आणि शेवटाला आवाज किंचित वर चढतो. ही हाक त्यांच्या वडिलांची. त्या खांडातली मेंढी दुसऱ्या मेंढपाळाच्या हाकेला मान वर करत नाही, मामांच्या हाकेला मात्र दोन शेतं ओलांडून येते. मला तेव्हा गावाबाहेर कामाला गेलेल्या पोरांवर गाणं करायचं होतं. कडवी तयार होती, धृपद सुचत नव्हतं. एका संध्याकाळी मेंढ्या हाकेसरशी माघारी येताना पाहिल्या आणि मला धृपद सापडलं: मामांची हाकच.

गंगाखेडला माझ्या मित्राने भिंतींना वाकळा लावून एक खोली रेकॉर्डिंगसाठी केली आहे. मामांना मोटारसायकलवर बसवून तिथे नेलं. कानाला हेडफोन लावला, पुढे माईक आणला. मामांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पुन्हा विनवलं. शेवटी म्हणाले, “हितं मेंढरं न्हाईत. कुणाला बोलवू? खोटी हाक मारली की मेंढरू दुसऱ्यांदा येत न्हाई, बाबा. आमी खोटी हाक मारीत नसतो.”

मित्र वैतागला. मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला, हे आज कबूल करतो. मग आम्हीच यंत्र घेऊन रानात गेलो. दिवस मावळायला मेंढ्या बोलवायची खरी वेळ झाली, मामांनी खऱ्या मेंढ्यांना खरी हाक मारली आणि आम्ही ती घुंगरांसकट, कुत्र्याच्या भुंकण्यासकट टिपली. गाण्यात मी ती जागोजागी पेरली, एकदा तर उलटी करून वाजवली. गाण्याचं नाव ठेवलं ‘माघारी’.

पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. गाणं असं चाललं की माझाच विश्वास बसेना. पुण्यात कंपन्यांत राबणाऱ्या आमच्याकडच्या पोरांनी ते फोनच्या रिंगला लावलं. हळदीला वाजलं, वरातीत वाजलं. परभणीत माझा जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा मामा पटका बांधून पहिल्या रांगेत बसले होते. त्याच सुमारास त्यांनी आमच्या दुकानात येऊन अप्पांना सांगितलं होतं, “शेटजी, पोरगं वरडतंय खरं, पण मनापासून वरडतंय. बोला त्याच्याशी.” अप्पांनी त्या दिवशी मला जेवायला हाक मारली. या एका गोष्टीसाठी मी जन्मभर मामांचा ऋणी आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं सोपं नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर केवढाले भोंगे असतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्या हंगामात जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर ‘माघारी’ वाजत होतं. मी खुशीत होतो. पेढे घेऊन मामांच्या बिऱ्हाडावर गेलो. मामा मेंढ्या घेऊन चरणीला गेले होते. मामींनी पेढ्यांचा पुडा घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “बाबा, तुला सांगू नको म्हणलेत, पर सांगते. तुजं गाणं वाजलं की मेंढरं सडकंला पळायलीत. ट्रॅक्टरच्या मागं. परवा काळ्या कानाची मेंढी चाकाखाली गेली. गाभण होती.”

मेंढ्यांची काहीच चूक नव्हती. त्यांचा माणूस त्यांना बोलवत होता आणि त्या जात होत्या. रोज दहा वेळा, वीस वेळा खोटी हाक त्यांच्या कानावर पडत होती आणि ती त्यांच्या कानात घालणारा मी होतो. मामांनी रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून जे सांगितलं होतं ते मी हट्ट म्हणून सोडून दिलं होतं.

मामा आले. मी म्हणालो, गाणं काढून टाकतो, सगळीकडून. ते खरंच रागावले. “येडा का खुळा तू? माणसं ऐकायलीत, लेकरं घरला फोन करायलीत. काढून कुणाचं भलं हुणार? एकदा तोंडातनं गेली ती गेली.” मग म्हणाले, “मी मेंढरांस्नी दुसरी हाक शिकवायलोय. लय दिस झालं.” वयाची चौऱ्याहत्तरी गाठलेला हा माणूस वडिलांपासून आलेली हाक टाकून नवी शिकवत बसला होता, आणि मला कळू नये अशी त्याने घरात ताकीद दिली होती! माझी खुशी नासू नये म्हणून. मी तिथे बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यांनी माझ्याकडून एकच काम मागितलं. दुसऱ्या दिवशी मी गंगाखेडला जाऊन कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना भेटलो. मेंढरं दिसली की आवाज बंद करा, एवढंच सांगितलं. आधी हसले, मग मी काळ्या कानाच्या मेंढीचं सांगितलं. एक जण म्हणाला, “आमच्या घरी बी शेळ्या हायत, दादा. न्हाई वाजवणार.” बहुतेकांनी शब्द पाळला.

या अंकात अनेक जण मामांच्या पशुज्ञानाविषयी, पावसाच्या त्यांच्या अंदाजाविषयी लिहितील. मी त्यांच्याकडून एवढंच शिकलो की, ऐकणारा आपल्या आवाजावर विश्वास ठेवून येतो, तेव्हा त्याला फसवू नये. हे मी अजून शिकतोच आहे.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला रानात गेलो होतो. दिवस कलला तशी मामांनी नवी हाक मारली. कोकरं आणि तरण्या मेंढ्या लगेच आल्या. म्हाताऱ्या मेंढ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, सडकेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मामांनी काठी उचलली आणि त्यांना आणायला स्वतः निघाले. मी जातो म्हणालो, तर म्हणाले, “तुला वळखत न्हाईत त्या.”

मामांना शतायुष्य लाभो, असं आपण सगळेच म्हणू. मी देवाकडे त्यांच्या गुडघ्यांना बळ मागतो. आधी जेवढ्या लांब त्यांची हाक जायची, तेवढं आता त्यांना रोज चालत जावं लागतं.