साखरेची वांगी

शुक्रवार, १७ मे २०२४. कमाल ४४.२. दूधवाला उशिरा. कूलरमध्ये सात बादल्या पाणी. धम्मदीपाची साखरेची वांगी दुसऱ्यांदा पाघळून बसली, आठच्या आठ.

रोज रात्री वहीत आधी तापमान, मग माणसं, ही सवय मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावली. वांग्यांची नोंद मात्र दुपारीच करून टाकली, कारण ती माझ्याच दिवाणखान्यात पाघळली होती.

धम्मदीपा ही शेजारच्या पुंजाजींची सून. माहेर आसेगावचं, नवरा संघपाल वाशिमला नोकरीला. इथे शेलूबाजारात ती घरी केक करते आणि त्यावरची सजावटही विकतची वापरत नाही. साखर मिक्सरमधून काढून जुन्या मलमलीतून गाळते. विरघळवलेला चायना ग्रास आणि ग्लुकोजचा पाक त्यात ओतते, हाताला डालडा लावते आणि कणकेसारखं तिंबत बसते. पांढराशुभ्र, लवचीक गोळा होतो. त्याच्या ती जास्वंदी करते. एकदा ट्रॅक्टर केला होता, चाकांच्या नक्षीसकट.

शनिवारी बबनरावांची साठी होती. त्यांचा भाजीचा मळा आहे, म्हणून त्यांची सून शुभांगी हिने केकवर वांगी आणि मिरच्या मागितल्या. धम्मदीपाने बाजारातून एक वाकडं वांगं आणलं. भाजीवाली म्हणाली, "एका वांग्यात काय होते?" ही म्हणाली, "खायले नाही, पाह्यले नेतो."

ही ऑर्डर साधी नव्हती. पुंजाजींचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यांना आता मशीनची बटणं दिसत नाहीत. सासू भागिरथाने सांगून टाकलं होतं, हा केक जमला तर जमला, नाही तर सोमवारपासून सुनेने दुकानात बसायचं आणि केक बंद.

शुक्रवारी भागिरथा माझ्याकडे आली, तेव्हा वांग्यांचे देठ लोंबत होते आणि पोटं चिकट चकाकत होती.

"ह्यायची आता भाजीच टाक वं. शिजलीच हायेत."

"गरमीनं झालं, आई."

"गरमी का आजच आली? दुकानात पंखा हाये. सोमवारी तिथं बस."

धम्मदीपा उठली. ताट उचलून घरी गेली.

तिच्या खोल्या तापतात म्हणून महिनाभरापूर्वी मीच तिला माझ्या कूलरसमोर बसवलं होतं. थंड हवेत साखर चांगली राहील, असा माझा तर्क. संध्याकाळी मी वहीची मागची पानं काढली. ९ एप्रिल: जास्वंदी तिच्याच खोलीत, दुपारपर्यंत खडखडीत. २२ एप्रिल: ट्रॅक्टर माझ्याकडे, उत्तम सुकला, दिवसभर वीज नाही. ४ मे: गुलाब चिकट, कूलरमध्ये सहा बादल्या. मी पुन्हा एकदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मग तिला हाक मारली.

"दोष तुझ्या साखरेचा नाही, माझ्या कूलरचा आहे. हवेतलं ते सगळं पाणी तुझी वांगी पितात."

तिने तिन्ही पानं वाचली. "काकू, तुमी बादल्या बी मोजता?"

"मोजते."

"मंग आधी काहून नाही पाह्यलं?"

मी उठून कूलरचा प्लग काढला.

शनिवारी सकाळी सहाला तिने माझ्याकडेच नवा गोळा तिंबला. कूलर बंद, खिडक्या उघड्या. नऊपासून कोरडा, गरम वारा घरातून फिरू लागला. भागिरथा सुपाने वारा घेत बसली होती. "केक सुकते का मानूस सुकते, ते पाहू आता," ती म्हणाली. अकराला धम्मदीपाने एक वांगं ताटावर आपटलं. टक्क आवाज आला.

भागिरथाने ते हातात घेऊन उलटं केलं. तिने बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मळ्यांत तोडणी केली आहे.

"देठाले काटे कुठं हायेत? बबनराव जन्मभर वांगे तोडून राह्यले. हासतीन ते."

मग दोघी बसल्या. धम्मदीपा साखरेचे बारीक काटे चिकटवत होती आणि सासू बोट दाखवत होती. "तिथं नाही. खाली. एवढे दाट नसतात वं."

पाच वाजता धम्मदीपा केकचा खोका मांडीवर घेऊन ऑटोत बसली. साडेसातला परतली, तोवर भागिरथा माझ्याच ओट्यावर होती.

"बबनरावायनं वांगं उचललं," धम्मदीपा म्हणाली, "आन् हात मागं घेऊन बोटच पाह्यलं. समदे हासले. मंग वांग्यायले सुरीच लावू देली नाही. आठही स्टीलच्या ताटात घालून टीव्हीवर ठेवले."

"काटा लागला म्हन्तं?"

"लागला."

भागिरथा उठली, पदर झटकला. "सोमवारी दुकानात मी बसतो. कोनतं बटन दाबा लागते, ते उद्या दाखव मले."

शनिवार, १८ मे. कमाल ४४.६. कूलर बंद. टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घातलं.