नववा खिळा

मारिएटला एक फोन करू दिला की कुठलंही अडलेलं काम होतं, असं हर्स्ट गावात कौतुकानेही म्हणत आणि वैतागूनही. ती शाळेची बस चालवायची. गावातली निम्मी तरणी माणसं तिच्या बसमध्ये ओरडा खाऊन मोठी झालेली, त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, कुठेही तिने फोन लावला की पलीकडचं माणूस आधी सरळ बसे आणि मग बोले. मुलीची टिमिन्स शहरात नोकरीची मुलाखत होती, तेव्हा हिने आदल्या दिवशीच तिकडे फोन करून 'पोरगी लाजाळू आहे, पण कामाला वाघ आहे' असं सांगून ठेवलं होतं. मुलीला नोकरी मिळाली. ती आपल्यामुळे मिळाली की आईमुळे, हा प्रश्न तिला अजून पडतो.

मारिएटला यात वावगं काही वाटत नसे. माणूस खड्ड्यात पडायच्या आत खड्डा बुजवावा, इतका साधा तिचा हिशेब. ज्याच्यासाठी बुजवायचा त्याला आधी विचारावं, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. बाई प्रेमळ होती, म्हणून लोक सोडून देत.

ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्याला, रोझेरला, पक्षाघाताचा झटका आला. लाकूड कापायच्या सॉ मिलमध्ये उभी हयात घालवलेला, दारासारखा रुंद माणूस. त्याची उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. वाचा गेली ती गेलीच. डोकं शाबूत होतं, समोरच्याचं सगळं कळत होतं, पण तोंडातून दोनच गोष्टी बाहेर पडत: 'हो' आणि शिव्या. आमच्याकडे शिव्या चर्चमधल्या सामानाच्या नावाने देतात, त्यामुळे रोझेर औषध घेताना पवित्र पेल्याचा उद्धार करी आणि चमचा हातातून पडला की 'ताबरनाक' म्हणून थेट देवाच्या पेटीला हात घाली. डॉक्टर म्हणाले, शिव्या मेंदूत वेगळ्या जागी राहतात, त्या वाचल्या. मारिएटची सासू जिवंत असती तर म्हणाली असती, वाचायला दुसरं काही नव्हतं का.

'हो'ची पंचाईत अशी, की तो सगळ्यालाच हो म्हणे. कॉफी हवी? हो. नको? हो. मग मारिएट डोळ्यांवरून ओळखायला शिकली. पुढे पुढे तिने डोळ्यांकडे बघणंही सोडलं. कोणी काही विचारलं की त्याने तोंड उघडायच्या आत तीच उत्तर देऊन मोकळी व्हायची. "त्याला नकोय." "त्याला थंडी वाजतेय." "तो दमलाय." रोझेर खिडकीबाहेर बघत बसे.

त्याची एकच गोष्ट सुटली नव्हती, ती म्हणजे मिलमधल्या मित्रांचा बर्फावरच्या हॉकीचा खेळ. दहा जणांचा. सप्टेंबरअखेर मोठ्या लीगमधल्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपापला संघ निवडायचा. मग तिकडे मॉन्ट्रियलला किंवा व्हँकुव्हरला कोणी गोल केला, की इकडे ज्याच्या संघात तो खेळाडू असेल त्याला गुण. बर्फावर पाय न ठेवता दहा म्हातारे एप्रिलपर्यंत एकमेकांशी लढायचे. यंदाच्या निवडीला मारिएट त्याला घेऊन गेली. मासिकातले फोटो ती दाखवी, तो डाव्या हाताच्या बोटाने खूण करी. पण त्याला वेळ लागे, बाकीचे नऊ जण नको इतक्या शहाण्यासारखे गप्प बसून राहत, आणि ते मारिएटला सोसेना. शेवटचे तीन खेळाडू तिने आपल्याच मनाने सांगून टाकले. त्यातला एक बचावपटू तर पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसलेला होता. फोटोत तो फार सालस दिसत होता, एवढंच तिचं म्हणणं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तळ्याकाठच्या शिकारीच्या झोपडीत जेवण असे. झोपडी फेर्नांची. फेर्नां मिलमधला जुना इलेक्ट्रिशियन, रोझेरचा शाळेपासूनचा मित्र, आणि त्याच्या जिभेला हाड नाही ही पंचक्रोशीला ठाऊक असलेली गोष्ट. भिंतीवर ओळीने वरून खाली दहा खिळे होते, आणि प्रत्येक संघाच्या नावाची एक लाकडी चकती. महिनाभराचा खेळ पाहून फेर्नां त्या चकत्या पहिल्यापासून दहाव्यापर्यंत टांगायचा. एवढ्यावरून पुढचे पाच महिने कोणाला कळणार? कोणालाच नाही. पण तेच तर या जेवणाचं कारण होतं. चकती टांगताना तो त्या संघाच्या मालकाची सालटी काढी, आणि मालकाने तिथल्या तिथे उलट उत्तर द्यायचं असा रिवाज होता. ज्याला उत्तर सुचलं नाही त्याने भांडी घासायची. मोठमोठी माणसं आठवडाभर आधीपासून मनातल्या मनात उत्तरं घोळवत.

रोझेर उत्तर कुठून देणार? त्या विचाराने मारिएटची झोप उडाली. गुरुवारी तिने फोन उचलला.

"फेर्नां, रविवारी आमच्या ह्यांना काही बोलू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे टोमणे नकोत. आणि तळाला टांगू नकोस. मधे कुठेतरी ठेव."

"अगं, त्याचा संघ नववा आहे, मारिएट. ओमेरचा त्याच्याहून भिकार आहे म्हणून नववा."

"एक दिवस खोटं बोलता येत नाही का रे तुला? बायकोशी तर रोज बोलतोस."

"बायकोला कळत नाही. त्याला कळेल."

"काही कळत नाही. मी बघते ना त्याला दिवसभर," मारिएट म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. रोझेर पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर होता. सामना लावला की तो रात्री उशिरापर्यंत बोटांवर गुण मोजत बघत बसे, आणि ती शेजारच्या खुर्चीत बसल्याबसल्या झोपून जाई.

रविवारी झोपडीत वाटाण्याचं सूप होतं, मूस हरणाच्या मांसाची पाई होती, लोणच्यातलं बीट होतं. मारिएट सोडली तर बाकी सगळे पुरुष. तिने रोझेरच्या गळ्यात रुमाल बांधला आणि त्याच्या ताटातल्या पाईचे तुकडे करून दिले. कोणी तिकडे बघितलं नाही. सगळ्यांनी इतकं जपून दुसरीकडे बघितलं की बघितल्यासारखंच झालं.

मग फेर्नां उठला. पहिल्या खिळ्याला त्याने स्वतःचीच चकती टांगली, त्यावरून आरडाओरडा झाला. दुसऱ्याला म्हणाला, "तुझे पोरगे बर्फावर असे पळतात जसे काही तू त्यांच्याकडे उधार मागायला आला आहेस." तिसऱ्याच्या टकलावरून काहीतरी झालं. प्रत्येकाने उलट सुनावलं, टेबलं बडवली गेली. मग त्याने चौथी चकती हातात घेतली आणि त्याचा आवाजच बदलला.

"चौथा, रोझेर. आपला रोझेर. या वर्षी त्याने जी जिद्द दाखवली..." तो थांबला. "आम्हा सगळ्यांना तुझा अभिमान आहे, दोस्ता."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या झोपडीत आजवर कोणी कोणासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गेल्या वर्षी एकाच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्याला बूट फेकून मारला होता.

"हो," रोझेर म्हणाला.

मारिएटने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी नीट बघितलं. त्यांचं एक मूल जन्मताच गेलं तेव्हा हा माणूस असा दिसला होता, आणि त्यानंतर आजच.

फेर्नां घाईघाईने पुढचे उरकत होता. त्याचे टोमणे आता बोथट झाले होते, उत्तरंही कशीतरीच येत होती. दहाव्या खिळ्याला ओमेरची चकती लागली. ओमेर मिलमध्ये ट्रक चालवायचा. दरवर्षी शेवटचा येणारा, आनंदी माणूस. तो नुसता म्हणाला, "असू दे," आणि सूप पिऊ लागला.

तेव्हा रोझेर उठला. काठी टेकत भिंतीपाशी गेला. मारिएट त्याच्यामागे निघाली, तर फेर्नां तिच्या वाटेत आला. नुसता उभा राहिला.

रोझेरने काठी भिंतीला टेकवली. डाव्या हाताने चौथ्या खिळ्यावरची आपली चकती काढली आणि दातांत धरली. मग पाचवी काढून चौथ्याला लावली. सहावी पाचव्याला. एका हाताने. एक चकती खाली पडली, घरंगळत टेबलाखाली गेली. कोणी उठलं नाही. मारिएटला वाटलं, ओरडावं, उचला रे कोणीतरी; पण तिला कळत होतं की कोणी उचलली तर संपलंच सगळं. रोझेर गुडघ्यावर बसला, पवित्र पेल्याच्या नावाने पुटपुटला, चकती घेऊन उठला. नवव्यापर्यंतच्या सगळ्यांना एकेक खिळा वर चढवून शेवटी त्याने तोंडातली चकती काढली, शर्टाला पुसली आणि नवव्याला टांगली.

"अरे, दहावा घे की!" ओमेर न राहवून म्हणाला. "एवढा खाली आलाच आहेस तर!"

रोझेर वळला. काठी उचलून त्याने दहाव्या खिळ्यावरच्या ओमेरच्या चकतीवर खाडकन मारली, ती भिंतीवर नाचली. मग काठी ओमेरवर रोखली.

"ताबरनाक!" तो गरजला.

झोपडी हसून हसून कोसळायची बाकी राहिली. ओमेर सर्वांत मोठ्याने हसत होता. हसणं ओसरलं तेव्हा फेर्नांने घसा साफ केला. त्याचे डोळे ओले होते, पण जीभ ताळ्यावर आली होती.

"नववा, रोझेर. याचे बचावपटू इतके सावकाश, की याने काठी घेतली ती त्यांना दाखवायला, की पोरांनो, वेग असा असतो. त्यातला एक तर प्लास्टरमध्ये आहे. निवड करताना माणूस पाय मोडलेला घोडा घेत नाही रे! कोणाच्या सुपीक डोक्यातून आला हा?"

सगळे रोझेरकडे बघत होते. रिवाज होता. उत्तर द्यायला हवं होतं, आणि या वेळी तिच्याही ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. तिला ते फार जड गेलं.

रोझेरने विचार केला. घाई केली नाही. मग काठी हळूहळू उचलली, टेबलावरून सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरवली, आणि थेट मारिएटच्या नाकासमोर आणून थांबवली.

"हो," तो म्हणाला.

इतकं चोख उत्तर त्या झोपडीत कोणी दिलं नव्हतं. नऊच्या नऊ जण तिच्यावर तुटून पडले. "मग भांडी कोणाकडे?" "सालस दिसत होता म्हणे!" "मारिएट, पुढच्या वर्षी आम्हालाही एक लंगडा बघून ठेव!" आणि शाळेच्या बसमध्ये अर्ध्या गावाला धाक घातलेली बाई लालबुंद होऊन अॅप्रन शोधू लागली. भांडी तिनेच घासली. घासताना तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि पाण्याच्या आवाजात दोन्ही खपून गेलं.

परतताना ट्रक तीच चालवत होती. दोन्ही बाजूंना स्प्रूसची काळी झाडं, रस्त्याच्या कडेला पातळ बर्फ. रोझेर खुशीत होता. डाव्या हाताने मांडीवर ताल धरला होता. मारिएटला गप्प राहता आलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. फेर्नां मरेपर्यंत बोलला नसता.

"मी सांगितलं होतं फेर्नांला," ती म्हणाली. "गुरुवारी फोन करून. तुला मधे कुठेतरी लाव म्हणून, आणि काही बोलू नको म्हणून. त्याचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

ताल थांबला. रोझेरने तिच्याकडे बघितलं. मग तोंड फिरवलं आणि खिडकीकडे पाठमोरा होऊन बसला, जबडा घट्ट आवळून. तिने हीटर वाढवू का विचारलं, 'हो'सुद्धा नाही. गावाचे दिवे दिसू लागले तरी नाही. ही पाठ तिच्या चांगल्या ओळखीची होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, कितीदा तरी तो तिच्याशी भांडून, रुसून असा पाठ फिरवून बसला होता. ऑगस्टपासून मात्र या माणसाने बिचाऱ्यासारखं सगळं ऐकून घेतलं होतं, एकदाही तिच्यावर रागावला नव्हता.

आज तो रागावला होता. चांगला सणकून रागावला होता. मारिएटने त्याची समजूत काढली नाही, मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि ट्रक सावकाश घराकडे वळवला.