स्टार्ट म्हणजे निघ

लवूकाकांना इंग्रजीतले पाच शब्द येत. मदर, फादर, सिरीयस, एक्सपायर, स्टार्ट. मागाठाण्याच्या चाळीत तेवढ्यावर भागायचं. कुणाच्याही गावाहून तार आली की आधी त्यांच्या हातात यायची. काका चष्मा लावायचे, कागद लांब धरायचे आणि म्हणायचे, "सिरीयस. स्टार्ट."

शेजारचा मार्तंड इंग्रजी साहित्य घेऊन बीए झालेला. एकदा तो म्हणाला, "काका, स्टार्ट म्हणजे सुरुवात करणं."

"ता तुझ्या कॉलेजात. तारेत स्टार्ट म्हणजे निघ. दोन घास खा, पण आजच निघ."

चाळीतल्या सहदेवला गावाहून तार आली तेव्हा मार्तंडने काकांच्या खांद्यावरून वाचलं. सहदेवचा बाप गेला होता. काका म्हणाले, "सिरीयस." सहदेव जेवला, पिशवी भरली आणि बोरिवलीहून एसटीत बसला.

"खोटं वाचलंत तुम्ही," मार्तंड जिन्यात म्हणाला.

"बारा तासांचो रस्तो आसा रे. रडूक थंय पोचल्यावर आसाच."

त्या दिवशी काका स्वतः मात्र जेवले नाहीत. अशी तार वाचली की कधीच जेवत नसत.

काका कामाला होते ती गिरणी संपात गेली तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. मग मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले. उभं राहून पाय सुजायचे. रजा मिळत नव्हती. गावी आई एकटी. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच, येताना मुंबईची तपकीर आण. दोन गणपती तसेच गेले.

मे महिन्यातल्या एका दुपारी मार्तंड फाटकाशी आला. शर्ट घामाने भिजलेला, हातात फोडलेली तार.

"गावाहून आहे काका. आईची."

काकांचा हात चष्म्याच्या खिशाकडे गेला.

"मी वाचली," मार्तंड घाईघाईने म्हणाला. "सिरीयस. स्टार्ट."

काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मार्तंड खाली बघत होता. पोरगा तार वाचायला शिकला होता.

काकांनी हात पुढे केला, कागदाची तशीच घडी घातली आणि खिशात ठेवली. चष्मा बाहेर काढलाच नाही.

"जेवलंस?"

"नाही."

"चल. दोन घास खाऊया. मग निघतंय."

नाक्यावरच्या दुकानाशी ते थांबले. काकांनी तपकिरीची डबी मागितली.

"लहान की मोठी?" दुकानदाराने विचारलं.

"मोठी," काका म्हणाले. "म्हातारेक लागता."