चवबाई आणि ताटातली चार मुळं

चवबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या आमच्या ओट्याशी उभ्या राहून आईच्या काढ्याचा चोथा चावत होत्या. गाळून बाजूला टाकलेला चोथा. मी किंचाळायचीच बाकी होते. त्यांनी तो शांतपणे हातावर काढला आणि म्हणाल्या, "ज्येष्ठमध फार पडलंय. बीपी वाढेल यांचं." आमच्या शेजारी राहायला येऊन त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते.

नाव साराबाई; सगळं जिभेवर पारखायच्या म्हणून आमच्यासाठी चवबाई. मुंबईत एका इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर जन्म गेला आणि निवृत्तीनंतर त्या पनवेलला परत आल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बोलणं आपल्यासारखंच मराठी. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आणि नवसाचा मलिदा केला की आम्हाला वाटीभर यायचा. भाऊबंद मात्र देशोदेशी पांगलेले. जो येई तो म्हाताऱ्या आत्याला ताकद यावी म्हणून जिनसेंगचं मूळ घेऊन येई. चवबाई स्वतः त्यातलं काही घेत नसत. चाखत तेवढ्या.

ती मुळं एका स्टीलच्या ताटात मांडून त्या आम्हा शेजाऱ्यांची शाळा घ्यायच्या. "हे लाल कोरियन. वाफवून वाळवतात म्हणून हा रंग. याला गरम म्हणतात. हे अमेरिकन, जिभेवर आधी कडू, मागून गोड. हे थंड. हे सायबेरियन म्हणजे लांबचं चुलत, खरं जिनसेंग नव्हे. आणि हा आपला आस्कंद, म्हणजे अश्वगंधा. हा तर वांग्या-बटाट्याच्या कुळातला, पण त्यालाही हल्ली भारतीय जिनसेंग म्हणायला लागलेत." मग प्रत्येकीच्या हातावर चाखण्यापुरती एकेक कपची. मला चारही मुळांची चव मातीसारखीच लागायची, पण मान मी जोरात हलवायची.

मागायला गेलं की मात्र बाई कडक. कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणारी हिराबाई एकदा म्हणाली, "बाय, आमचे सासूला यातला एकादा दे ना. ती उठतच नाय." चवबाईंचं उत्तर ठरलेलं. "आधी गोळ्या दाखव." कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कळल्याशिवाय त्यांनी कुणाला बडीशेपसुद्धा दिली नसती.

आईच्या हृदयाची एक झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी तिला रोज घ्यावी लागे. चवबाईंनी तिला साफ सांगून टाकलं, "कुसुमताई, तुम्हाला यातलं एकही नाही. माझ्याकडे आलात की नुसता चहा." आई रुसली. "सगळ्यांना ताकद, आणि मीच काय घोडं मारलंय?" हे मला दिवसातून चारदा ऐकावं लागे.

मी स्वतःला फार शहाणी समजते. अमेरिकेतल्या आतेभावाने अमेरिकन जिनसेंगच्या कॅप्सूल पाठवल्या तेव्हा मी हिशेब मांडला की बाधते ती गरम वस्तू. आईच्या तर तळपायांची आग होते. हे थंड आहे, हिला मानवेल. चवबाई उगाच बाऊ करतात. मी कॅप्सूल एका डबीत भरल्या, बाटली फेकली आणि ताकदीचं व्हिटॅमिन म्हणून रोज सकाळी एक तिला द्यायला लागले. आई खूश. मीही.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी आईच्या हातून कप पडला. ती कपाकडे बघत राहिली आणि मी तिच्या उजव्या हाताकडे. तो हात पुन्हा उठला नाही. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी वेळेवर चालू असताना रक्त घट्ट कसं झालं? आणखी काही देत होता का?" मी म्हणाले, "नाही." हे मी म्हणाले, याचा धक्का मला अजून बसतो.

चवबाई त्याच दुपारी आमच्या घरी आल्या. "आधी गोळ्या दाखव." मी सगळं पुढ्यात ठेवलं, त्यात ती डबीही होती. त्यांनी एक कॅप्सूल उघडली, पूड जिभेला लावली आणि डोळे मिटले.

"कडू. मग गोड." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू दिलंस?"

"थंड असतं म्हणालात तुम्ही."

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग माझ्यादेखत डॉक्टरांना फोन केला आणि कॅप्सूलचं सगळं खरं सांगितलं, त्या मुळाने गोळीचा जोर मोडला हेही. आई घरी आली त्या दिवशी मात्र तिच्या पलंगाशी जाऊन म्हणाल्या, "कुसुमताई, माझी चूक झाली. माझ्याकडच्या चहातून तुमच्या पोटात ते मूळ गेलं."

बाहेर आल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "आता त्यांना तुझ्याच हातून जेवायचंय, तुझ्याच हातून गोळी घ्यायचीय. तुझ्यावरचा विश्वास उडून चालणार नाही. माझ्यावरचा उडाला तर काय बिघडलं?" आणि मी, वाघासारखी भांडणारी मी, गप्प बसले.

आई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. वर्षाच्या आत त्या इस्राएलला भाचीकडे गेल्या. निघताना आमच्या दारात आल्या, तर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तरी दर शुक्रवारी फोन यायचा. "आईच्या गोळ्या वाच." मी पट्टीवरची नावं एकेक करून वाचायची. "नवीन काही?" नाही. "बरं." बस्स, एवढंच. पाच वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही.

गेल्या महिन्यात शुक्रवारी फोन आला तो भाचीचा. मी आईला पेज भरवत होते. "साराबाई गेल्या," मी म्हणाले. "बरं झालं," आई म्हणाली. आणि तिच्या तोंडचं ते ऐकून मला राहवेना. मी डबीपासून शुक्रवारच्या फोनांपर्यंत सगळं सांगितलं.

आईने पुढचा घास घेतला नाही. डाव्या हाताने चमचा माझ्याकडून काढून घेतला, अर्धी पेज अंगावर सांडत स्वतः खाल्ली. मग त्याच हाताने गोळी उचलून तोंडात टाकली.

"फोन लाव तिला."

"आई, त्या गेल्या."

"ऐकू आलंय मला. लाव."

मी लावला. तिकडून भाची हॅलो, हॅलो म्हणत होती. आईने फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हणाली, "साराबाई, गोळी घेतली हो मी."